बॉयलरवाल्या दादाची पांढरी फडकी

माझा दादा जन्मात एकदाच माझ्यावर ओरडला, आणि तोही मी त्याचा पत्र्याचा डबा लपवला म्हणून. डब्यात काय होतं? फडकी. काळी, राखाडी, पांढरी, तळहाताएवढी, हजाराच्या वर फडकी. लोकांची भावंडं घरासाठी भांडतात, दागिन्यांसाठी भांडतात. आम्ही चिंध्यांसाठी भांडलो. हसू नका. त्या चिंध्यांवर त्याची नोकरी टांगलेली होती, आणि हा शहाणा त्या आपल्या हाताने लोकांना नेऊन द्यायला निघाला होता.

दादा कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. म्हणजे भट्टीत कोळसा घालायचा, पाण्याची वाफ करायची आणि ती नळांतून रंगाच्या हौदांकडे सोडायची. एकोणतीस वर्षं हेच काम. हाताखाली दोन माणसं, दोघंही चाळिशीतली, पाळीपाळीने येणारी. कारखान्याच्या भिंतीला लागून आमची गल्ली. गल्लीत तिसरं घर दादा-वहिनीचं, चौथं माझं. नवरा गेल्यावर मी धुलाईचा धंदा सुरू केला. हॉस्पिटलच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं पांढरंशुभ्र. धुराड्याखाली बसून पांढऱ्या कपड्यांचा धंदा करणारी बाई जगात दुसरी नसेल! वहिनी म्हणायची, "तुला धंदा निवडता येत नाही आणि तुझ्या भावाला प्रश्न आवरता येत नाहीत. एकाच माळेचे मणी तुम्ही."

प्रश्नांचं मात्र खरं होतं. अख्खी गल्ली त्याला 'काबरं' म्हणायची, कारण त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघेल तर शपथ. एकदा तापात त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुई टोचणार तर हा विचारतो, "दंडावरच का बरं? पोटरीवर दिली तर काय होईल?" डॉक्टरही वैतागलेला, त्याने दिली पोटरीवर. तीन दिवस लंगडत होता, पण चेहऱ्यावर केवढं समाधान! "कळलं गं," मला म्हणाला, "चालावं लागतं ना, म्हणून दंडावर देतात." मी कपाळावर हात मारला.

तर एके दिवशी काय झालं, हॉस्पिटलने माझ्या चाळीस चादरी परत पाठवल्या. प्रत्येकीवर काळे ठिपके, मिरी सांडल्यासारखे. सोबत चिठ्ठी, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक चादर काखेत मारली आणि थेट बॉयलरच्या खोलीत घुसले. आत हा उकाडा. एका बाजूला कोळशाचा ढीग, मधे तो लोखंडी राक्षस, आणि समोर दादा, फावडं हातात, भुवया जळून अर्ध्या झालेल्या.

"बघ!" मी चादर त्याच्या नाकासमोर धरली. "तुझ्या भट्टीने माझ्या पोटावर पाय दिलाय. वीस वर्षं ऐकून घेतलं, आता नाही!"

दुसरा कोणी असता तर सॉरी म्हणाला असता, नाहीतर उलटा भांडला असता. हा चादर घेऊन खिडकीशी गेला. एक ठिपका बोटाने चोळला, वास घेतला, आणि मग तो ठिपका चक्क काडीवर घेऊन भट्टीच्या दाराशी धरला. ठिपका लाल झाला आणि गेला.

"अगं, हे जळतंय," तो म्हणाला. त्याचे डोळे केवढे झाले होते! "म्हणजे ही राख नाही. हा कोळसाच आहे, न जळता वर गेलेला. का बरं गेला असेल?"

"मला काय विचारतोस? तुझी भट्टी, तुझा कोळसा!"

"तेच तर! मालक पैसे मोजून कोळसा आणतात, मी कंबर मोडून आत टाकतो, आणि तो न जळता तुझ्या दोरीवर जाऊन बसतो. का बरं?"

मी भांडायला गेले होते आणि परत येताना त्याला जुन्या चादरींची फडकी कापून द्यायचं कबूल करून आले. कसं झालं ते मलाही कळलं नाही. दादाशी भांडताना नेहमी हेच व्हायचं.

त्याची पद्धत अशी. दर सोमवारी एक पांढरं फडकं माझ्या दोरीवर टांगायचं, आठवडाभर तसंच ठेवायचं आणि पुढच्या सोमवारी काढायचं. त्या आठवड्यात कोळसा एका विशिष्ट रीतीने घालायचा. कधी मोठमोठी फावडी, कधी छोटी. कधी धुराड्याची झडप पूर्ण उघडी, कधी अर्धी. आणि फडक्याच्या कोपऱ्यात लिहायचं, किती गाड्या कोळसा जळला, किती तागे कापड निघालं. लिहायला माझी शाई, चादरींवर हॉस्पिटलची खूण घालते ती. शंभर धुण्यांत जात नाही. तागे मोजून सांगायचं काम त्याने हौदावरच्या बायकांच्या गळ्यात मारलं. त्या म्हणायच्या, "काबरं, तुझं लग्न झालंय ना? मग घरी जाऊन बायकोला प्रश्न विचार की!"

पाचव्या आठवड्यात फडकं निघालं ते स्वच्छ! दादाला आभाळ ठेंगणं. त्या आठवड्यात त्याने झडप जवळजवळ बंद ठेवली होती, म्हणजे रहस्य झडपेतच. चहावाल्याला सांगितलं, हौदावरच्या बायकांना सांगितलं, मालकांना सांगितलं. आणि गुरुवारी कारखान्याच्या पलीकडच्या शाळेची बाई आली, हातात मुलांच्या वह्या, सगळ्या काळ्या. "तुमच्या कारखान्याने यंदा हे काय चालवलंय?" वारा फिरला होता हो! धूर उलट वाढला होता, फक्त माझ्या दोरीऐवजी शाळेच्या खिडकीत जात होता. महिनाभर गल्लीतली पोरंटोरंसुद्धा त्याला बघून बोट ओलं करून वर धरायची. दादा मात्र खजील झाला तो पाच मिनिटं. सहाव्या मिनिटाला म्हणाला, "चार फडकी हवीत. चारी दिशांना." तेव्हापासून एक माझ्या दोरीवर, एक शाळेच्या खिडकीला, एक पुलाच्या कठड्याला आणि एक मालकांच्या बंगल्याच्या कुंपणाला. शेवटचं त्याने न विचारताच बांधलं.

गुपित सापडायला वर्ष गेलं आणि निघालं ते अगदी साधं. भट्टीवाले एकदम ढीगभर कोळसा टाकून बिडी ओढायला बाहेर जातात. ढिगाखाली विस्तव गुदमरतो, हवा मिळत नाही, आणि कोळशाचं बरंचसं सत्त्व धूर होऊन निघून जातं. दादाने शोधलं की थोडा थोडा टाकायचा, पातळ पसरायचा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि टाकल्यावर दार मिनिटभर किलकिलं ठेवायचं. "तुम्ही जेवताना अख्खी पोळी तोंडात कोंबता का?" हे त्याने हाताखालच्या दोघांना इतक्यांदा ऐकवलं की त्यांनी बिडी सोडली, कारण वेळच उरेना. दहा गाड्यांच्या जागी आठ लागायला लागल्या. धुराड्यातून धूर दिसेनासा झाला.

आणि झाली की पंचाईत! नदीपलीकडून दुपारच्या पाळीला येणारी माणसं पुलावरून धुराड्याकडे बघायची. धूर असला तर कारखाना चालू, नसला तर बंद. बापजाद्यांपासून हाच हिशेब. एके दिवशी साठ माणसं पुलावर आली, वर बघितलं, "आज बंद दिसतोय" म्हणाली आणि घरी परत गेली. चहावाल्याने किटल्या भरल्याच नाहीत. वाणी मला विचारतो, "ताई, कारखाना बसला का हो? उधारी देऊ की नको?" मालकांनी दादाला बोलावलं. मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा, दादाहून पंधरा वर्षांनी लहान, दादाला काका म्हणायचा.

"काका, काहीही करा, पण दुपारी दोनला थोडा धूर काढा!"

तर आठवडाभर माझ्या भावाने, ज्याने वर्ष घालवून धूर घालवला त्याने, दुपारी दोनला मुद्दाम ओला कोळसा टाकून धूर काढला. काढताना असा चेहरा करायचा, जसा कोणी स्वतःचंच अन्न उकिरड्यावर टाकतोय. शेवटी हौदावरच्या एका बाईने डोकं चालवलं. त्या दिवशी जो रंग चढत असेल त्याचं लांबलचक कापड गच्चीवरून सोडायचं. पिवळा तर पिवळा, जांभळा तर जांभळा. पुलावरची माणसं धुराऐवजी रंग बघून कामावर यायला लागली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कोळसा वाचला, मालकांच्या हातात पैसा खेळायला लागला, आणि त्यांनी दोन हौद वाढवले. पुढच्या वर्षी आणखी दोन. मी वाईट म्हणत नाही. वहिनीच्या भावाला तिथे काम लागलं, चहावाल्याने टपरीचं हॉटेल केलं, मला कपडे धुवायचं मशीन घेता आलं. गल्लीत जिकडेतिकडे भिंतींना रंग लागला. सगळे खूश, एकटा दादा फडकी अंथरून बसलेला.

"अगं, एका ताग्याला पूर्वीपेक्षा कोळसा कमी लागतो ना?"

"हो."

"मग ट्रक पूर्वीपेक्षा जास्त का बरं येतात?"

"कारण तागे जास्त निघतात! यात न कळण्यासारखं काय आहे?"

"कळलंय. पण मग मी वाचवला तो कोळसा गेला कुठे?"

वाचवलेला कोळसा नवीन हौदांनी खाल्ला, आणि त्याच हौदांवर अर्ध्या गल्लीचं पोट. मी त्याला म्हटलं, दादा, असल्या प्रश्नांनी केस पांढरे होतात. तो म्हणाला, काजळीने परत काळे होतील.

मग थंडीत त्याला मांजरं दिसली. कारखान्याच्या मागच्या भिंतीबाहेर गटारावर एक लोखंडी झाकण आहे, त्यावर गल्लीतली सगळी मांजरं वेटोळी करून झोपायची. आम्ही लहानपणापासून बघत आलोय, कोणाच्या डोक्यात काही आलं नाही. दादाने झाकणावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. आतून रंगाचं गरम पाणी वाहत होतं. हौदातलं काम झालं की ते गटारात सोडायचे, आणि बॉयलरमध्ये भरायचे ते नळाचं बर्फासारखं पाणी. "म्हणजे मी एका दाराने ऊब करतो आणि दुसऱ्या दाराने मांजरांना देतो," दादा म्हणाला. मी म्हटलं, पुण्य लागेल. पण त्याची झोप उडाली.

अशात मोजणीवाल्या बाई आल्या. मालकांना दुसरा बॉयलर घ्यायचा होता, पहिल्याच्या दुप्पट, कोळशाचाच. पैसे देणाऱ्यांनी अट घातली की आधी तुमच्याकडे इंधन कुठे किती जातं ते मोजून घ्या. बाई तिशीतल्या, केस कापलेले, पाठीवर यंत्रांची पिशवी. मला वाटलं, आल्या उंटावरून शेळ्या हाकायला. पण पहिल्याच दिवशी त्या दादाबरोबर गटाराच्या झाकणाशी उकिडव्या बसलेल्या दिसल्या. मांजरं उठवून त्यांनी पाण्यात थर्मामीटर सोडला आणि हसत सुटल्या. "काका, माझं काम या मांजरांनी आधीच केलंय की!"

त्यानंतर आठ दिवस दोघं कारखानाभर फिरत होते, हे नळ चाचप, ते नळ चाचप. दादाला जन्मात पहिल्यांदा असं माणूस भेटलं होतं जे 'का बरं'ला 'चला बघू' म्हणायचं. घरी येऊन आम्हाला सांगायचा, वाफ असते दीडशे अंशांच्या वर आणि रंगाला हवेत जेमतेम ऐंशी. एवढी आग कशासाठी? छपरावर उन्हाने पाणी तापवायचं. आणि फ्रीजच्या पाठीला हात लावलाय का कधी? गरम लागते ना? आतली ऊब काढून तो बाहेर टाकतो. तसंच मोठं यंत्र असतं, ते गटाराच्या पाण्यातली ऊब काढून स्वच्छ पाण्यात घालतं. विजेवर चालतं. दादाने बाईंना विचारलंच, "वीज तरी कशाची? कोळशाचीच ना?" बाई म्हणाल्या, "आज बरीचशी हो. पण एक भाग वीज घेऊन ते तीन भाग ऊब देतं. आणि वीज पुढे वाऱ्याची, उन्हाची येईल. भट्टी मात्र कायम कोळसाच मागेल." मग दादाने विचारलं, "आणि मालकांनी परत हौद वाढवले तर?" बाई म्हणाल्या, "ते मलाही माहीत नाही, काका." दादाला त्या बाई तिथे पटल्या. माहीत नाही म्हणणारा साहेब त्याने पाहिलाच नव्हता.

हे सगळं तो रंगात येऊन सांगत होता. मी त्याला मधेच तोडलं. म्हटलं, "दादा, हे सगळं झालं तर बॉयलरचं काय?"

"बंद."

"आणि बॉयलरवाल्याचं?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

पुढचं मला वहिनीकडून कळलं. बाईंना मागच्या वर्षांचे आकडे हवे होते. ऑफिसात ट्रकांची बिलं होती, पण कोणत्या आठवड्यात किती कोळसा जळला आणि त्यात किती कापड निघालं, ही जोडी जगात एकाच ठिकाणी होती, दादाच्या फडक्यांवर. सहा वर्षांची. ते नसतील तर सगळा अंदाजपंचे कारभार, आणि अंदाजावर मालक विश्वास ठेवणार नव्हते. ते आपला दुसरा बॉयलर घेऊन मोकळे होणार. दुसरा बॉयलर आला की दादा दोन्हींचा मुख्य, हाताखाली पाच माणसं, पगार वाढ. मालकांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. एकीकडे बढती आणि दुसरीकडे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी घरी. अंगात हुनर एकच, कोळसा जाळायचा. आणि हा माणूस शुक्रवारी फडकी घेऊन ऑफिसात जाणार होता!

मी काय करावं? गुरुवारी दुपारी तो कामावर असताना डबा उचलला आणि माझ्या धुण्याच्या खोलीत सोड्याच्या पोत्यांमागे सारला. वर हॉस्पिटलची मळकी गाठोडी रचली. त्यांना हात लावायला कोणी धजणार नाही.

शुक्रवारी सकाळी दादाने घर पालथं घातलं. मग माझ्याकडे आला. चोराच्या मनात चांदणं, त्याने विचारायच्या आधीच मी म्हणाले, "मला नाही माहीत तुझा डबा." संपलं. त्याला कळलं.

"कुठे ठेवलास?" तो ओरडला. मी सांगते, भिंतीवरची पाल पळाली. पन्नास वर्षांत मी त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. "कुठे ठेवलास? माझी सहा वर्षं आहेत त्यात!"

मीही गप्प बसणारी नाही. "तुझी सहा वर्षं देऊन उरलेली सगळी घालवणार आहेस! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची एवढी हौस? घरी बसून काय करणार? वहिनीच्या डोक्यावर मिऱ्या वाटणार? तुला दुसरं येतं काय?"

तो मटकन खाली बसला. आवाज उतरला. "अगं, मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला? पण मला आता माहीत आहे ना. माहीत असून मी फावडं कसं उचलू? हात चालणार नाही माझा."

"सगळ्यांचे चालतात!"

"चालू देत," म्हणाला, आणि डबा न घेताच कामावर गेला. मला म्हणाला नाही की दे. मागितला असता तर मी दिलाच नसता, इतकी मी हट्टी. पण त्याने मागितलाच नाही.

तासाभराने वहिनी आली. दारातच उभी राहिली. मला वाटलं, ही तरी माझ्या बाजूने असेल, संसार तिचा. म्हणाली, "काढ तो डबा."

"वहिनी, अहो नोकरी जाईल."

"जाईल तर जाईल, बघू आपण. तू तुझ्या भावाचा मघाचा चेहरा बघितलास का? हा माणूस उद्या प्रश्न विचारायचा थांबला तर मी त्याच्याबरोबर राहू कशी? तीस वर्षं कटकट सोसली, शांतता नाही सोसायची मला." आणि तिथेच गाठोड्यांवर बसून रडली. मग मीही रडले, आणि मग आम्ही दोघींनी मिळून डबा ओढून बाहेर काढला.

तो डबा मी स्वतः घेऊन गेले. मालकांच्या ऑफिसात बाई, मालक आणि दादा बसलेले. दादाने माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची सरकवली. बाईंनी फडकी टेबलावर मांडायला सुरुवात केली. टेबल पुरेना म्हणून जमिनीवर, भिंतीच्या कडेकडेने, एका टोकाला काळीकुट्ट, पुढे राखाडी, पुढे पांढरी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात दादाचं वाकडंतिकडं अक्षर. मालक बूट काढून त्यांच्यामधून फिरत होते. बंगल्याच्या कुंपणाची ओळखली त्यांनी. "काका, ही माझ्या घरावरची?" दादाने मान हलवली. मालक बराच वेळ ते काळं फडकं हातात घेऊन उभे होते.

दोन तासांत ठरलं. दुसरा बॉयलर नाही. पहिलाही वर्षाअखेरपर्यंतच. मालकांनी चहा मागवला, बाई यंत्रं आवरायला लागल्या, सगळे मोकळे हसत होते. तेव्हा दादाने कप खाली ठेवला.

"एक विचारू? आमचं काय?"

अहो, या माणसाने मांजरांबद्दल विचारलं, वाऱ्याबद्दल विचारलं, सुईबद्दल विचारलं. स्वतःबद्दल आजवर एक प्रश्न विचारला नव्हता.

"बघू ना, काका," मालक म्हणाले.

"बघू म्हणजे काय?" मी उसळलेच. दादाने माझ्या हातावर हात ठेवला.

"मी टोमणा मारत नाहीये, मालक," तो म्हणाला. "मला उत्तर माहीत नाही म्हणून विचारतोय. आम्ही तिघं आहोत. बाईंच्या कागदात कोळशाचं लिहिलंय, पाण्याचं लिहिलंय, विजेचं लिहिलंय. आमचं कुठे आलं ते दिसलं नाही."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी पिशवी परत उघडली, कागद काढला आणि शेवटच्या ओळीखाली लिहायला घेतलं. लिहिता लिहिता म्हणाल्या, "चुकलंच माझं." आणि तो कागद मालकांपुढे ठेवला. मालकांनी वाचला, पेन घेतलं, ठेवलं, परत घेतलं.

उत्तर यायला आठ महिने लागले आणि आलं तेही पुरतं आलं नाही. हाताखालचे दोघं हौदावर गेले. दादाला छपरावरच्या पाण्याचं काम मिळालं, शिकवायला बाई स्वतः येऊन राहिल्या. पगार मात्र पाचवा हिस्सा कमी, कारण आगीजवळ काम करण्याचा भत्ता असतो, आणि आग राहिली नाही. त्यावर मी मालकांना चार शब्द सुनावले. मालक म्हणाले, नियम आहे. नियम!

बॉयलर एका बुधवारी दुपारी थांबवला. दादाने आत होता तेवढा कोळसा शेवटपर्यंत जळू दिला, राख ओढली, दार लावलं. पण एवढं लोखंड आणि एवढी वीट लगेच थोडीच निवते! गुरुवारी छपरावरचं काम आटोपून हा खाली उतरला, थर्मामीटर लावला, आकडा लिहिला. शुक्रवारीही. शनिवारीही. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि तो आकडा कोणाला नको होता. रविवारी सुटी असून गेला. मला वाटलं, चालू दे, सवय आहे.

सोमवारी मी त्याचा जेवणाचा डबा घेऊन गेले तर बॉयलरच्या खोलीत अंधार, आणि हा दोन्ही तळवे लोखंडाला लावून उभा. थर्मामीटर खिशातच.

"भिंतीइतकाच गार झाला गं," तो म्हणाला. "आता मोजण्यासारखं काही राहिलं नाही."

आणि माझा चौपन्न वर्षांचा दादा हमसून हमसून रडायला लागला. वीस वर्षं मी त्या धुडाला शिव्या घातल्या होत्या, माझ्या चादरी काळ्या केल्या म्हणून त्याचं वाटोळं होवो म्हटलं होतं. मी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि त्याच्या हाताशेजारी माझा हात लावला. बॉयलर खरंच गार होता.